कोर्टाच्या दारातला पोलीस: माणूस उसना, जबाबदारी पक्की

तालुक्याच्या कोर्टात तारखेला गेलं की फाटकाजवळ एक खुर्ची दिसते. त्या खुर्चीवर कधी पोलीस असतो, कधी नसतो. नसला तर कारण ठरलेलं असतं. मंत्र्यांचा दौरा आहे, यात्रेचा बंदोबस्त आहे, निवडणूक आहे, नाहीतर पोलीस ठाण्यातच माणूस कमी आहे. लोकांनाही त्याचं फारसं काही वाटत नाही. कोर्टात काय चोरीला जाणार, असा एक समज आहे.

पण त्या खुर्चीवर माणूस आहे की नाही, यावर साक्षीदार खरं बोलणार की ऐनवेळी घुटमळणार, हे बऱ्याचदा ठरतं. बांधाच्या भांडणात डोकं फुटलेलं असो, पोरीची छेड काढल्याची केस असो की पोटगीची तारीख असो, दोन्ही बाजू एकाच गावच्या असतात. एकाच एसटीने येतात, एकाच व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट बघत बसतात. समोरच्याचे चार नातेवाईक येऊन नुसतं शेजारी उभे राहिले तरी म्हातारा साक्षीदार गप्प होतो. अशा वेळी तिथे एक जाणता पोलीस असेल तर तो काठी न उगारता त्या चौघांना दुसऱ्या टोकाला बसवतो. नसेल तर साक्ष व्हरांड्यातच फिरते.

म्हणून कोर्टाची सुरक्षा हा फक्त न्यायाधीशांच्या जिवाचा प्रश्न नाही. तो गावातून तारखेला जाणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न आहे.

वर्दी एकच, कामं तीन

कोर्टात दिसणारे सगळे पोलीस एकच काम करतात असं लोकांना वाटतं. तसं नाही. पहिला असतो तो कोर्ट पैरवीचा पोलीस. पोलीस ठाणं आणि कोर्ट यांच्यातली कागदं, समन्स, वॉरंट, साक्षीदारांची हजेरी हे त्याचं काम. दुसरे असतात ते आरोपीला घेऊन येणारे. तुरुंगातल्या कैद्यासाठी जिल्हा मुख्यालयातून ‘कैदी पार्टी’ येते, पोलीस कोठडीतल्या आरोपीला तपास करणारं ठाणं आणतं. तिसरा असतो तो सुरक्षेचा, म्हणजे दार, आवार आणि कोर्ट हॉल सांभाळणारा.

जिल्ह्याच्या ठिकाणी ही तीन कामं बरीचशी वेगळी असतात. तालुक्याला मात्र अनेकदा एकाच माणसाच्या गळ्यात तिन्ही पडतात. तो आत साहेबांसमोर वॉरंटचा कागद देत असतो, तेव्हा फाटक मोकळं असतं.

दाराचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. कोर्ट सुरू व्हायच्या आधी हॉल, बाकं, कपाटामागची जागा, संडास-बाथरूम बघून घ्यायचं. आत येणाऱ्याची पिशवी तपासायची. शेतातून थेट आलेल्या माणसाच्या पिशवीत अडकित्ता निघतो, विळा निघतो, कुणाच्या खिशात लहान चाकू असतो. त्यातला गुन्हेगार कोण आणि सुपारी कातरणारा कोण, हे ओळखायचं. वस्तू बाजूला काढून ठेवायची, जाताना परत द्यायची, पण माणसाचा अपमान करायचा नाही. बाईची झडती बाईनेच घ्यायची, म्हणून महिला पोलीस लागते. तीच नसेल तर बायकांच्या पिशव्या तशाच आत जातात.

त्यात खटल्यातला मुद्देमालही कोर्टात येतो. साक्षीदाराने ओळखावा म्हणून रक्ताचे डाग असलेला कोयता, काठी, कुऱ्हाड सीलबंद पाकिटातून टेबलावर येते. सील फोडल्यावर ती वस्तू आरोपीच्या हाताच्या अंतरावर असते. त्या पाच मिनिटांत कोण कुठे उभा आहे, यावर नजर ठेवणारा माणूस लागतो.

सगळ्यात अवघड वेळ निकालाची. जामीन नाकारला, शिक्षा लागली, किंवा उलट आरोपी सुटला की कोणत्या तरी एका बाजूचा बांध फुटतो. अनुभवी पोलीस एका बाजूला आधी बाहेर काढतो आणि त्यांची गाडी लागेपर्यंत दुसऱ्या बाजूला आत थांबवतो. हे कुठल्या यंत्रात बसवता येत नाही. त्याला तालुका माहीत असावा लागतो, चेहरे माहीत असावे लागतात.

नागपूर, दिल्ली, धनबाद: काय घडून गेलं

महाराष्ट्राला याचा धडा फार पूर्वी मिळाला आहे. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला तारखेसाठी आणलं होतं. कस्तुरबानगर वस्तीतल्या बायकांनी त्याच्या अत्याचाराविरुद्ध वर्षानुवर्षं दाद मागितली होती, पण ती लागत नव्हती. त्या दिवशी जमाव तिखट आणि चाकू घेऊन थेट कोर्टाच्या खोलीत शिरला आणि पोलिसांच्या ताब्यातल्या आरोपीला तिथेच ठार केलं. पुढे २०१४ मध्ये या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

त्या बायकांचा राग समजण्यासारखा होता, असं आजही अनेकजण म्हणतात. पण प्रशासनाच्या नजरेने बघितलं तर तिथे पोलीस दोनदा कमी पडले. आधी वस्तीत तक्रार ऐकण्यात आणि मग कोर्टाचं दार राखण्यात.

२४ सप्टेंबर २०२१ ला दिल्लीच्या रोहिणी कोर्टात दोन हल्लेखोर वकिलाच्या वेशात आत आले आणि त्यांनी सुनावणीसाठी आणलेल्या जितेंद्र गोगी या गुंडाला गोळ्या घातल्या. पोलिसांच्या गोळीबारात ते दोघेही मेले. ७ जून २०२३ ला लखनौच्या कोर्टात पुन्हा वकिलाच्या वेशातल्या माणसाने संजीव जीवा या आरोपीवर गोळ्या झाडून त्याला ठार केलं. दोन्ही ठिकाणी काळा कोट हाच आत जायचा पास ठरला. वकिलांना तपासायचं म्हटलं की बाररूममध्ये नाराजी होते. ती नाराजी खोटी नाही, कारण वकील रोज येतात आणि त्यांना कामाची घाई असते. पण या दोन घटनांनंतर ओळखपत्र दाखवण्याला विरोध करणं वकिलांनाही अवघड झालं आहे.

झारखंडमध्ये धनबादला २८ जुलै २०२१ ला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश उत्तम आनंद सकाळी फिरायला गेले असताना रिक्षाने धडक देऊन त्यांचा जीव घेतला गेला. त्या खटल्यात दोघांना जन्मठेप झाली. कोर्टाची सुरक्षा फाटकावर संपत नाही, हे त्या घटनेने दाखवलं.

आणि अगदी अलीकडची गोष्ट सगळ्यांनी मोबाईलवर बघितली आहे. ६ ऑक्टोबर २०२५ ला खुद्द सर्वोच्च न्यायालयात, आपल्या अमरावती जिल्ह्याचे असलेले तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने एका वकिलाने बूट फेकायचा प्रयत्न केला. सुरक्षा कर्मचाऱ्यांनी त्याला लगेच बाहेर नेलं आणि कामकाज पुढे सुरू राहिलं. बूट कुठल्याही मशीनमध्ये सापडला नसता. तिथे जागा माणसानेच सांभाळली.

सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितलं

यातली बुटाची घटना सोडली तर बाकीच्या घटनांनंतर, ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रद्युम्न बिष्ट यांच्या याचिकेत निर्देश दिले. न्यायमूर्ती रवींद्र भट आणि न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांचं ते खंडपीठ होतं.

निर्देश थोडक्यात असे. प्रत्येक उच्च न्यायालयाने राज्याचे गृह सचिव आणि पोलीस महासंचालक यांच्याशी बोलून सुरक्षेचा आराखडा करायचा. तो फक्त जिल्ह्याच्या ठिकाणापुरता नको, आडबाजूच्या कोर्टांनाही लागू झाला पाहिजे. प्रत्येक आवारासाठी कायमचं सुरक्षा पथक ठेवण्याचा प्रस्ताव त्यात असावा. त्या पथकात माणसं किती, ती आणायची कुठून, सशस्त्र किती, बिनहत्यारी किती, वरचा अधिकारी कोण, कमीत कमी किती काळ नेमणूक राहील आणि कामांची यादी काय, हे सगळं लिहिलेलं असावं.

त्यातली दोन वाक्यं तालुक्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एक, या पथकातल्या माणसांना वेगळं प्रशिक्षण द्यावं. दोन, त्यांनी हे काम खुशीने घ्यावं म्हणून जादा आर्थिक लाभ देता येईल. म्हणजे कोर्टाची ड्युटी ही शिक्षा म्हणून किंवा ‘आजारी आहे, कोर्टात बसव’ म्हणून द्यायची नेमणूक राहू नये, हे देशाच्या सर्वात मोठ्या कोर्टाने मान्य केलं.

याशिवाय सीसीटीव्ही, ये-जा करायच्या दारांवर कायम पहारा, मेटल डिटेक्टर, सामान तपासायची मशीन, गाड्यांना स्टिकर, रुग्णवाहिका, आग विझवायची सोय हे सगळं निर्देशांत आहे. कोर्टाच्या आवारातून जाणारा आडरस्ता गरज पडली तर पूर्ण बंद करावा, असंही म्हटलं आहे. तालुक्यात अनेक जुनी कोर्टं तहसील कचेरीला लागून आहेत. सातबाऱ्याला आलेला माणूस, दाखल्याला आलेली पोरं आणि तारखेचा आरोपी एकाच वाटेने जातात. तिथे हा मुद्दा कागदावरचा राहत नाही.

अडतं कुठे

पहिली अडचण मालकीची आहे. कोर्टाचं आवार प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली चालतं. दारातला पोलीस मात्र पोलीस अधीक्षकांचा. त्याची हजेरी ठाण्यात, रजा ठाण्यात, बदली पोलीस खात्यात. ठाण्यातून फोन आला की तो निघतो, आणि त्यात त्याची चूकही नसते. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी त्याची गत. कोर्टाला वाटतं पोलीस खातं बघेल, ठाण्याला वाटतं कोर्टात काय होतंय.

दुसरी अडचण माणसांची. तालुक्याच्या ठाण्याकडे पन्नास-साठ गावं असतात. गणपती, मोहरम, यात्रा, मोर्चे, निवडणुका, अपघात, मर्तिकं सगळं त्याच माणसांवर. अशा वेळी सगळ्यात आधी कमी होतो तो कोर्टाचा माणूस, कारण तिथे रोज काही घडत नाही. काही घडत नाही हेच त्याच्या कामाचं यश असतं. पण ते यश कुठल्याच रजिस्टरला लागत नाही.

तिसरी अडचण कैदी पार्टीची. पार्टी मिळाली नाही तर तुरुंगातला आरोपी येत नाही, आणि तारीख पुढे जाते. मग मजुरी बुडवून आलेला साक्षीदार हात हलवत परत जातो. अशा दोन-तीन खेपा झाल्या की तो पुढच्या वेळी येतच नाही.

यावर व्हिडिओ कॉन्फरन्सचा उतारा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत खटल्याचं कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवता येतं. न्यायालयीन कोठडी वाढवायची असेल तर आरोपीला पडद्यावर हजर केलेलं चालतं. पोलीस कोठडी मागायची असेल तर मात्र त्याला दर वेळी न्यायाधीशांसमोर प्रत्यक्ष उभं करावंच लागतं. मारहाण झाली का, हे न्यायाधीशांना डोळ्यांनी बघता यावं, हा त्यामागचा अर्थ. ई-कोर्ट योजनेच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले आहेत. पडदा नीट चालला तर कैदी पार्टीच्या खेपा कमी होतील आणि तेवढी माणसं मोकळी होतील. पण लाईट गेली, नेट गेलं की तालुक्यात गाडी पुन्हा तिथेच येते.

बेडीचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलं की सरसकट सगळ्यांना बेड्या घालणं घटनेला धरून नाही. नव्या संहितेने सराईत, आधी पळालेले आणि काही गंभीर गुन्ह्यांतले आरोपी यांच्यासाठी बेडीची मोकळीक दिली आहे. बाकीच्यांना बेडीशिवाय आणायचं, आणि पळाला तर सोबतच्या शिपायाची चौकशी. दोन माणसांच्या जागी एकच पाठवला तर नियम पाळणं आणि आरोपी सांभाळणं एकत्र जमत नाही.

पोलीस नको तर कोण?

यावर तीन वाटा बोलल्या जातात. एक, पोलीस खात्यातच कोर्टासाठी वेगळं पथक. दोन, महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान. २०१० च्या कायद्याने हे महामंडळ झालं आणि त्याचे जवान मेट्रो, रुग्णालयं अशा ठिकाणी दिसतात. तीन, होमगार्ड.

होमगार्ड गरजेला उपयोगी पडतो, पण त्याचं काम दिवसावर असतं. रोज वेगळा माणूस आला तर चेहऱ्यांची ओळख होत नाही. महामंडळाचा जवान पिशव्या, मशीन, फाटक नीट सांभाळू शकतो आणि तेवढे पोलीस ठाण्याच्या कामाला मोकळे होतात. पण कोर्टात मारामारी झाली, धमकीची तक्रार आली, तर गुन्हा नोंदवणं पोलिसाकडेच येणार. त्यामुळे फाटकावर कोणीही असो, आत एक तरी कायम नेमणुकीचा पोलीस लागेलच. तोही दोन-तीन वर्षं तिथेच राहणारा. कोर्टाची सगळी ताकद ओळखीत आहे, आणि ओळख महिन्याला बदलणाऱ्या ड्युटीत होत नाही.

सुरक्षेच्या नावाखाली दार बंद नको

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. आपल्याकडे खटला उघड्यावर चालतो. जागा असेल तोवर कुणीही आत बसून ऐकू शकतो. बलात्कारासारख्या खटल्यात, किंवा न्यायाधीशांनी तसा आदेश दिला तरच लोकांना बाहेर थांबवता येतं. ‘तुझं काय काम’ म्हणून धोतर-टोपीवाल्याला हाकलायचं आणि कडक इस्त्रीवाल्याला सलाम ठोकून सोडायचं, ही सुरक्षा नाही.

कडक तपासणी आणि चांगली वागणूक एकत्र होऊ शकते. पण दहा तास उभा राहिलेला, ना जेवणाची सोय ना बदली माणूस, अशा पोलिसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा किती धरायची? त्याला सावली, पाणी आणि सुट्टी मिळाली तर त्याचा फायदा शेवटी तारखेला आलेल्या माणसालाच होतो.

तारखेला जाणाऱ्याने काय लक्षात ठेवावं

साक्ष द्यायची आहे आणि भीती वाटते, तर ती मनात ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ ला साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली आहे, आणि महाराष्ट्राने २०१७ चा स्वतःचा कायदाही केला. २०१८ च्या योजनेनुसार जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो, आणि धोका किती याचा अहवाल पोलीस देतात. साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर येऊ नयेत अशी व्यवस्था, तारखेच्या दिवशी सोबतीला पोलीस, कोर्टापर्यंत सरकारी गाडी, या गोष्टी त्या योजनेत लिहिलेल्या आहेत. सरकारी वकिलाला विचारलं तर अर्ज कसा करायचा हे कळतं.

व्हरांड्यात कुणी दम दिला तर तिथल्या तिथे पोलिसाला सांगावं आणि पुकारा झाल्यावर न्यायाधीशांच्या कानावर घालावं. खोटी साक्ष दे म्हणून धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. बाहेर एसटी स्टँडवर गाठलं तर ११२ आहे. वकील लावायची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समिती आहे, १५१०० हा फोन आहे.

बाईची झडती पुरुष घेऊ लागला तर नाही म्हणायचा हक्क आहे. आणि पोलिसाने पिशवी उघडायला सांगितली तर राग मानू नये, कारण तीच पिशवी समोरच्या पार्टीचीही उघडली जाणार असते.

ग्रामपंचायती आणि तालुक्याचे वकील संघ आणखी एक करू शकतात. आपल्या कोर्टासाठी सुरक्षेची किती माणसं मंजूर आहेत, महिला पोलीस रोज असते का, साक्षीदाराला वेगळी बसायची जागा आहे का, हे तीन प्रश्न जिल्हा न्यायाधीश आणि पोलीस अधीक्षकांना लेखी विचारावेत. आराखड्याचा बारीक तपशील गुप्त राहणं बरोबर आहे. पण माणूस आहे की नाही, हे गुप्त असायचं काही कारण नाही.

रस्ता, पाणी, लाईट यासाठी गाव मोर्चा काढतं. कोर्टाच्या दारातल्या एका पोलिसासाठी कुणी काढत नाही. तारखेच्या दिवशी खरं बोलायची वेळ आपल्या घरावर येते, तेव्हाच त्या रिकाम्या खुर्चीची किंमत कळते. ती वेळ यायच्या आधी विचारलेलं बरं.